हजेरीपटातील ‘गै’: महामारी, मुले आणि न्यायाचा प्रश्न

धागालेखिका: पाटीपेन्सिल

गेली एकोणीस वर्षे मी प्राथमिक वर्गांना शिकवत आहे. महामारीने मुलांचे काय झाले यावर अहवाल पुष्कळ निघाले, चर्चासत्रेही झाली. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा विचारही नव्हता. मात्र मागच्या आठवड्यात कपाट आवरताना २०२० सालचा हजेरीपट हाती लागला, आणि तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते इथल्या शिकवणाऱ्या आणि मुले वाढवणाऱ्या मंडळींपुढे मांडावेसे वाटले.

शाळा बंद होऊन तासिका फोनवरून सुरू झाल्या, तरी हजेरी घेणे सक्तीचे होते. त्या महिन्यांच्या पानांवर सात मुलांच्या नावांपुढे माझ्याच अक्षरात, लाल शाईने, ओळीने ‘गै’ लिहिलेले आहे. गैरहजर. सातांपैकी पाच जणांच्या घरी इंटरनेट चालेल असा फोनच नव्हता. उरलेल्या दोघांच्या घरचा एकुलता एक फोन सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जात असे आणि रात्री परतत असे. हे मला तेव्हाही ठाऊक होते. तरीही मी रोज ‘गै’ लिहीत राहिले, कारण हजेरीपटाला दोनच गोष्टी कळतात. मूल वर्गात आले नाही की वर्गच मुलापर्यंत पोहोचला नाही, हा भेद नोंदवायला त्या रकान्यात जागा नव्हती. वर्षअखेरीस याच पानांवरून टक्केवारी काढली गेली, ती प्रगतिपुस्तकात उतरली आणि ‘उपस्थिती असमाधानकारक’ हा शेरा सात मुलांच्या नावावर चढला. तो शेराही मीच लिहिला.

‘महामारीने सगळ्यांना एकाच रांगेत आणून उभे केले’ असे त्या काळात फार ऐकू येई. शाळेच्या बाबतीत ते साफ खोटे होते. युनेस्कोच्या नोंदीनुसार एप्रिल २०२० मध्ये १९०हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थी, म्हणजे जगातील दर दहांपैकी नऊ, शाळा-महाविद्यालयांबाहेर होते. नियम सर्वांना सारखाच लागू झाला. पण शाळेची जागा ज्याने भरून काढायची ते घर प्रत्येकाचे निराळे होते. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर केलेल्या अंदाजाप्रमाणे ३ ते १७ वयोगटातील १३० कोटी मुलांच्या, म्हणजे त्या वयाच्या दोन-तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेटची सोय नव्हती. शाळा फोनमध्ये जाऊन बसली त्या दिवशी ही मुले, पटावरून नाव न कमी होताच, शाळाबाह्य झाली.

फोन असते तर प्रश्न सुटला असता, असे मलाही काही काळ वाटत होते. तो भ्रम नेदरलँड्समधील एका अभ्यासाने दूर केला. तेथे घरोघरी वेगवान इंटरनेट आहे आणि पहिल्या लाटेत शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. शिवाय तेथे प्राथमिक वर्गांच्या राष्ट्रीय चाचण्या वर्षातून दोनदा होतात. त्या वर्षी एक चाचणी बंदीच्या अगदी आधी आणि दुसरी लगेच नंतर आल्याने मोजमाप नेमके करता आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, सरासरी मुलाने शालेय वर्षाचा सुमारे एक-पंचमांश भाग गमावला, म्हणजे बंदीच्या काळात घरी बसून जवळजवळ काहीच पदरात पडले नाही. आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक होते. यंत्र होते, जोडणी होती. पण शेजारी बसून ‘हे असे नव्हे, पुन्हा बघ’ म्हणणारे माणूस सर्वांच्या घरी नव्हते.

आता शाळा उघडल्यानंतरचा पहिला आठवडा सांगते. चौथीत आलेला एक मुलगा वाचायला उभा राहिला. तो दुसरीत असताना शाळा बंद झाली होती. मधली तिसरी त्याने पाहिलीच नव्हती. पुस्तक दोन्ही हातांत धरून त्याने पान घडाघडा म्हणून दाखवले. मला शंका आली म्हणून मी पानाच्या मध्यावरील एका शब्दावर बोट ठेवले. तो थांबला, ओठ हलवत पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात म्हणत आला आणि बोटापर्यंत पोहोचल्यावर शब्द सांगितला. मी दुसऱ्या शब्दावर बोट ठेवले. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्याच्या आधी वाचलेल्या मुलीचे ऐकून त्याने पान पाठ केले होते. मात्रा कोणती आणि वेलांटी कोणती हे त्याला सांगता येत नव्हते. येत नाही ते झाकायचे कसे, एवढे मात्र त्याला उत्तम जमत होते, आणि ती विद्या त्याला घरी कोणी शिकवली नसणार. ‘चौथीत आलास आणि एवढेही येत नाही?’ हा प्रश्न त्याने आमच्याच शाळेच्या पहिल्या दोन दिवसांत ऐकला असणार. हजेरीपटातील सातांपैकी तो एक.

माझे म्हणणे या मुलापाशी येऊन थांबते. शाळा बंद होत्या तेव्हा जो अन्याय झाला त्याला विषाणू, घाई, अज्ञान अशी अनेक कारणे देता येतील. शाळा उघडल्यानंतर जो झाला त्याला तसे कारण नाही. तो आपण वर्गात, रोजच्या तासिकेत, वेळापत्रकाप्रमाणे केला.

८ ऑक्टोबर २००५ रोजी उत्तर पाकिस्तान आणि काश्मीरच्या भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तेथील शाळा सरासरी १४ आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधकांनी मुलांच्या चाचण्या घेतल्या तोवर मदत पोहोचली होती, घरे पुन्हा उभी राहिली होती, मुलेही शाळेत परतली होती. पण भ्रंशरेषेजवळची, म्हणजे भूकंप घडवणाऱ्या जमिनीतील भेगेजवळची मुले दूरच्या मुलांपेक्षा साधारण दीड इयत्ता मागे होती. चौदा आठवड्यांच्या बंदीत दीड वर्षाचे शिक्षण कसे बुडेल? बंदीत बुडाले ते थोडे. उरलेले शाळा उघडल्यावर, रोज वर्गात हजर राहून बुडाले, असाच त्याचा अर्थ लागतो. शिक्षक इयत्तेच्या पुस्तकाबरोबर पुढे गेले आणि ज्याचा पाया सुटला होता ते मूल दर महिन्याला आणखी मागे पडत गेले. ज्यांच्या आईने निदान प्राथमिक शिक्षण पूर्ण केले होते, त्यांच्यात मात्र ही तूट उरली नव्हती. म्हणजे शाळेने जे करायला हवे होते ते जिथे आई करू शकली, तिथेच मूल सावरले.

हे वाचल्यावर मी शाळा उघडल्या त्या वर्षीची माझी टाचणवही काढली. पहिल्याच पंधरवड्यात ‘भागाकार: दोन अंकी भाजक’ असे लिहिलेले आहे. निम्म्या वर्गाला हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि मी भागाकार शिकवत होते, कारण अभ्यासक्रम वेळेत संपवण्याच्या सूचना होत्या आणि त्या सूचनांवर मी वाद घातला नाही.

इथे शिक्षक बरेच आहेत म्हणून विचारते: शाळा उघडल्यावर आपापल्या वर्गात आपण कोणासाठी थांबलात आणि कोणाला मागे सोडून पुढे गेलात?

प्रतिसाद: उलटतपासणी

पाटीपेन्सिल ताई, लेखन प्रामाणिक आहे याबद्दल दुमत नाही, पण दोन ठिकाणी मी अडखळलो.

पहिली गोष्ट, शाळा बंद ठेवण्याच्या निर्णयाकडे आज पाहणे सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही साथ महामारी असल्याचे म्हटले तेव्हा हातात होता तो फ्लूच्या साथींचा अनुभव, आणि फ्लू पसरवण्यात शाळकरी मुले आघाडीवर असतात. मुलांना हा आजार बहुधा सौम्य होतो हे नंतर स्पष्ट झाले. तेव्हा माझ्या घरात एक्क्याऐंशी वर्षांची आई आणि शाळेत जाणारी दोन मुले एकाच खोलीत झोपत होती. शाळा बंद झाली त्या दिवशी मला हायसे वाटले, हे मी लपवणार नाही. स्वीडनने सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू ठेवल्या हे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. तेथील घरे, तेथील रुग्णालये आणि एका घरात राहणाऱ्या माणसांची संख्या लक्षात न घेता ते उदाहरण इतरांना लावणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार अल्प आणि मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी साधा मजकूर वाचून समजू न शकणारी मुले २०१९ मध्येच ५७ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले असावे असा अंदाज देण्यात आला. वाढ मोठी आहे, मान्य. पण ५७ टक्के मुले महामारीच्या आधीच, शाळा रोज भरत असताना, वाचू शकत नव्हती. त्यांच्यासाठी असा धागा तेव्हा का निघाला नाही? सगळे खापर महामारीवर फोडून आपण जुनी थकबाकी नव्या खात्यावर तर टाकत नाही ना?

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

उलटतपासणी, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर मी भांडणार नाही. शाळा बंद करण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हटलेले नाही आणि मार्च २०२० मध्ये तो घेण्याची वेळ माझ्यावर आली असती तर मीही तोच घेतला असता. माझा आक्षेप उघडण्याच्या क्रमाला आहे. अनेक देशांत दुकाने आणि उपाहारगृहे आधी उघडली आणि शाळा सर्वांत शेवटी. युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. मध्ये काही वर्ग काही काळ भरले, पण लहान मुलांसाठी तो जवळजवळ बावीस महिन्यांचा खंड होता. दुकानदारांची संघटना असते, उपाहारगृहांची असते, आमचीही असते. सात वर्षांच्या मुलांची नसते.

दुसरा प्रश्न मात्र मला लागला आणि त्याचे उत्तर माझ्या बाजूचे नाही. त्या ५७ टक्क्यांतली मुले माझ्याही वर्गात होती. त्यांना मी ‘कच्ची’ म्हणत असे. मागच्या बाकावर बसवत असे. शाळा बंद असल्याने जे मूल मागे पडले त्याचे कारण डोळ्यांसमोर होते म्हणून त्याच्याविषयी कणव वाटली. घरात शिकवणारे कोणी नसल्याने जे आधीपासून मागे होते त्याचे कारण घराच्या आत होते, आणि घराच्या आत मी कधी डोकावले नाही. थकबाकी जुनी आहे हे तुमचे म्हणणे खरे. सगळ्या वर्गाची शाळा एकदम घरी गेली तेव्हा ती वही माझ्यासमोर उघडी पडली, इतकेच.

प्रतिसाद: जुना फळा

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. थोडे विषयाला लागूनच, पण मूल्यमापनाच्या बाजूने लिहितो, कारण न्याय-अन्यायाची कागदोपत्री नोंद तिथे होते.

२०२० मध्ये इंग्लंडमध्ये विद्यापीठ प्रवेशाआधीच्या ए-लेव्हल परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची संभाव्य श्रेणी आणि वर्गातील क्रम कळवायचा, असे ठरले. शिक्षक हात सैल सोडतील या भीतीने नियामक संस्थेने त्या श्रेणी एका गणिती सूत्रातून काढल्या, ज्यात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी कळवल्यापेक्षा खाली आलेल्या होत्या. सूत्रातली खोच अशी की, एखाद्या विषयाला मोजकेच विद्यार्थी असतील तर तेथे सूत्राऐवजी शिक्षकांचा अंदाज ग्राह्य धरला जाई, आणि इतके लहान गट खासगी शाळांत अधिक आढळतात. त्यामुळे ज्या शाळेचा निकाल वर्षानुवर्षे साधारण, तिथल्या हुशार मुलीला तिच्या आधीच्या विद्यार्थ्यांच्या गुणांनी खाली ओढले; आणि जिथे पैसे भरून वर्ग लहान ठेवलेला होता तिथे शिक्षकाचा शब्द चालला. मुले रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य करण्यात आल्या.

मला यात सूत्राइतकीच ते करणाऱ्यांची भाषा महत्त्वाची वाटते. सगळे ‘निःपक्षपाती’ व्हावे म्हणून केले होते. व्यक्तीचा पक्षपात टाळायला निघाले आणि जुन्या विषमतेचा पक्षपात गणितात बसवून आले. पाटीपेन्सिल ताईंच्या हजेरीपटातही तेच आहे. ‘गै’ हे अक्षर निःपक्षपाती आहे. सर्वांना एकच नियम.

माझा स्वतःचा कबुलीजबाब छोटा आहे. शाळा बंद असताना सर्वांना वरच्या वर्गात घ्यायचे होते आणि ते योग्यच होते. नापास करून त्याच वर्गात बसवले असते तर निम्मी मुले शाळा सोडून गेली असती. पण वरच्या वर्गात घेताना ‘या मुलाला अमुक येते, तमुक येत नाही’ अशी एका ओळीची चिठ्ठीही पुढच्या शिक्षकाकडे गेली नाही. मी ती मागितली नाही. माझ्या कार्यालयातून गेली ती नावांची यादी.

प्रतिसाद: कोरा कागद

जुना फळा सर, ‘माझ्या कार्यालयातून गेली ती नावांची यादी’ या वाक्याला +१. आमच्याकडेही तेच. वाचतो आहे.

प्रतिसाद: मधली सुट्टी

मी शाळांमध्ये समुपदेशन करते. आतापर्यंतची चर्चा वाचन, गणित, गुण यांभोवती फिरते आहे. ती तशी फिरणे स्वाभाविक आहे, पण माझ्या खोलीत येणारी मुले भागाकार येत नाही म्हणून येत नव्हती.

एका मुलीचे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘पालकांची सही’ या जागी तीन वेळा एकच सही होती आणि चौथ्या वेळी तशीच, पण थरथरलेली. सही आजीची होती. आईवडील दूर कामाला, मुलीला वाढवले आजीने. दुसऱ्या लाटेत आजी गेली. चौथी सही मुलीने स्वतः केली होती, आजीच्या सहीवर कागद ठेवून, गिरवून. शाळेने तिला बोलावले ते खोटी सही केली म्हणून. आईवडील हयात असल्याने ‘पालक गमावलेली मुले’ या कुठल्याही यादीत तिचे नाव नव्हते आणि मदतही नव्हती.

ही मुलगी अपवाद नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये आलेल्या अंदाजात, महामारीच्या पहिल्या चौदा महिन्यांत आई, वडील किंवा घरात राहून सांभाळणारे आजी-आजोबा गमावलेल्या मुलांची संख्या जगभरात १५ लाखांहून अधिक धरली होती. त्या संशोधकांनी आजी-आजोबांना हिशेबात घेतले हे मला फार मोलाचे वाटते, कारण शाळांच्या नमुन्यांत ती जागाच नसते. पाटीपेन्सिल ताईंच्या रकान्याचीच ही दुसरी बाजू.

शाळा म्हणजे एका वेळचे जेवणही असते. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या हिशेबाने बंदीच्या काळात ३७ कोटी मुलांचे शाळेतले जेवण थांबले. आणि शाळा म्हणजे मुलीसाठी ‘मी इथे आहे, मला कोणी शोधेल’ अशी जागा असते. युनिसेफने मार्च २०२१ मध्ये इशारा दिला होता की महामारीमुळे या दशकात एक कोटी जास्त मुलींचे बालविवाह होऊ शकतात. शाळा उघडते तेव्हा अशा मुलीसाठी ती खरोखर उघडते का, हा वेगळाच प्रश्न आहे. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत, २०१४-१५ मध्ये, शाळा अनेक महिने बंद होत्या आणि त्या काळात पुष्कळ मुली गरोदर राहिल्या. शाळा उघडल्या तेव्हा सरकारने गरोदर मुलींना नियमित वर्गात बसण्यास मनाई केली. साथीने जिचे नुकसान केले तिलाच शाळेने दार लावले. ती बंदी पश्चिम आफ्रिकी देशांच्या प्रादेशिक न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये भेदभावाची ठरवली आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. नेमक्या त्याच महिन्यात जगभरच्या शाळा बंद होऊ लागल्या.

प्रतिसाद: हिशेबी

सर्व प्रतिसाद वाचले. मी गणित शिकवतो, म्हणून उपायाचे काही लिहितो. नाहीतर आपण सगळे एकमेकांपुढे कबुलीजबाब देऊन मोकळे होऊ.

बोट्स्वानामध्ये २०२० मध्ये शाळा बंद असताना एक प्रयोग झाला. साधे फोन असलेल्या सुमारे साडेचार हजार कुटुंबांपैकी काहींना आठवड्याला गणिताचे काही प्रश्न संदेशाने पाठवले, आणि काहींना संदेशाबरोबर शिक्षकाने आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटांचा फोनही केला. नुसत्या संदेशांचा फारसा उपयोग झाला नाही. फोन केलेल्या घरांतील मुलांचे गणित मात्र स्पष्टपणे सुधारले. आम्ही त्या काळात व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज तीन-तीन चित्रफिती टाकत होतो. साधा फोन लावून ‘सत्तावीसमधून नऊ गेले तर किती, मला मोठ्याने सांग’ एवढे विचारणे कोणाच्याच डोक्यात आले नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नव्हते.

दुसरे, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करणे. भारतातील ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत विकसित केली आणि पुढे झांबियासह आफ्रिकेतील काही देशांनी ती घेतली. दिवसातला एक तास तिसरी-चौथी-पाचवीची मुले मिसळून बसतात. अक्षर ओळखणारी एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या, परिच्छेद वाचणारी तिसऱ्या. मी माझ्यापुरता हा प्रयोग केला. पहिले दहा दिवस अवघड गेले, कारण पाचवीची मुले तिसरीच्या मुलांबरोबर बसायला लाजत होती. मग मी गटांना पातळीची नावे देणे बंद केले आणि रंगांची दिली. मुलांना अर्थातच दोन दिवसांत कळले की निळा म्हणजे काय. पण लाज कमी झाली, कारण निळ्यात वर्गातला सर्वांत उंच मुलगाही होता आणि महिनाभरात तो हिरव्यात गेला.

प्रतिसाद: उलटतपासणी

हिशेबी, पद्धत उत्तम आहे, पण तिच्यात एक धोका मला दिसतो. ‘निळा गट’ हा तासाभराचा राहिला तर ठीक. तो दिवसभराचा झाला की त्याचा मागचा बाक होतो. गरीब घरची मुले कायम अक्षरांच्या गटात आणि इतर मुले पुस्तकांच्या, अशी शाळेतल्या शाळेत दुसरी शाळा तयार व्हायला वेळ लागत नाही. गट किती दिवसांनी मोडायचा हे आधी ठरवलेले असायला हवे.

आणि मधली सुट्टी यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझा दुसरा आक्षेप थोडा मागे घेतो. जुनी थकबाकी होतीच, पण त्या मुलीची आजी हे नवे नुकसान आहे. ते जुन्या खात्यात मावत नाही.

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. हिशेबी यांनी उपायाकडे वळवले ते बरे झाले, आणि उलटतपासणी यांची गट मोडण्याची सूचना मी टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

त्या सात मुलांचे पुढे काय झाले, असे दोघांनी व्यक्तिगत संदेशात विचारले. चार जण शाळेत आहेत. दोन कुटुंबे स्थलांतर करून गेली आणि त्यांच्या नव्या शाळेकडून कागदपत्रांची मागणी आमच्याकडे आली, म्हणजे ती मुले कुठेतरी पटावर आहेत. सातवा कामाला जातो. पान पाठ म्हणणारा तो मुलगा चारांत आहे. आता अडखळत का होईना, बोट ठेवले तर त्या शब्दापासून वाचतो. ‘असमाधानकारक’ हा शेरा बदलता येईल का, याची मी चौकशी केली. त्या वर्षाच्या नोंदी बंद झाल्या आहेत, असे उत्तर मिळाले.

यंदा मी वर्ष सुरू होताच पुस्तक उघडले नाही. एकेका मुलाला खिडकीजवळ घेऊन बसले, पाच मिनिटे वाचून घेतले, पाच मिनिटे तोंडी हिशेब, आणि ‘घरी अभ्यासाला शेजारी कोण बसते’ हा एक प्रश्न. बाकीच्या वर्गाला तेवढा वेळ चित्रे काढायला दिली. गोंगाट भरपूर झाला. वर्गात त्रेचाळीस मुले आहेत, त्यामुळे हे अकरा दिवस चालले. शेवटच्या प्रश्नाला नऊ मुलांनी ‘कोणी नाही’ असे सांगितले. एका मुलीने ‘मी धाकट्याच्या शेजारी बसते’ असे सांगितले. तिला मी कुठे नोंदवायचे ते अजून ठरवलेले नाही. जुना फळा सर, तुमच्या एका ओळीच्या चिठ्ठ्या आता त्रेचाळीस तयार आहेत, पुढच्या वर्षीच्या शिक्षिकेसाठी.

परवा वर्गतपासणी झाली. अधिकाऱ्यांनी टाचणवही पाहून खाली शेरा लिहिला: ‘अभ्यासक्रम दोन घटक मागे.’ शेरा खरा आहे. मी त्याखाली सही केली.